उन्हं आली की सुटणारा ब्रेक

ज्या वर्षी आमच्या लेकीला, स्पाल्झेसला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. लेहच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा खिंडीतला रस्ता नुकताच मोकळा झाला होता, आणि माझी जीप अजून अंगणाच्या भिंतीला टेकून घोंगड्यांखाली झोपली होती.

हिवाळ्यासाठी जीप झोपवावी आणि वसंतात उठवावी तर मीच. आमच्या खोऱ्यात या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिला बर्फ पडायच्या आत चाकांखाली दगड, अंगावर याकच्या केसांची घोंगडी, आणि बॅटरी काढून थेट स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. पाच महिने ती तिथे असते. येणारा पाहुणा तिच्या शेजारी बसून चहा पितो. ती पुन्हा बाहेर गेली की माझ्या बायकोला, यांग्डोलला, दोन दिवस घर रिकामं वाटतं.

मायलेकरांना घरी आणायचं कोणी, यावरून जरा बोलाचाली झाली होती. मी म्हणालो, मी. आमचे व्याही तुंडुप म्हणाले, मी. तुंडुप वीस वर्षं फौजेत ट्रक हाकून आलेले. खालच्या गावात राहतात. त्यांच्याकडे नवी पांढरी गाडी आहे, आत गरम हवा येते. माझ्या जीपमध्येही हवा येते, पण ती बाहेरची.

"व्याही, तुमच्या जीपचं वय झालं," ते म्हणाले. "तिला बसू द्या उन्हात."

"माझी जीप पहिल्या किल्लीला उठते," मी म्हणालो. "पाच महिने झोपून."

शेवटी असं ठरलं की पौर्णिमेला सकाळी दहाला, चांगल्या वेळेवर, मायलेकरं इस्पितळाची पायरी उतरतील. त्या घटकेला ज्याची गाडी पायरीशी उभी, त्याच्या गाडीतून नातवंडं पहिल्यांदा गावात येणार. हरेल त्याने सामान आणायचं. पौर्णिमेला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप चौथ्या किल्लीला उठली. पहिल्या तीन मी मोजत नाही. उतारावरून ऐटीत निघालो, वळणावर ब्रेक दाबला, जीप थांबली. ती थांबलीच. पुढे जायचं नाव काढेना. खाली वाकून पाहतो तर ब्रेकचं पेडल तळाला जाऊन बसलेलं. पाय काढला तरी ते आपलं तिथेच, पंगतीत ताटावर बसलेल्या माणसासारखं. दोन्ही हातांनी ओढून वर काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा बसलं.

यांग्डोल चहा घेऊन आली.

"काय झालं, स्पाल्झेसचे आबा?"

"ब्रेक दाबला की दाबलेलाच राहतो. गाडी थांबते, पण सुटत नाही."

"थांबते ना?" ती म्हणाली. "मग चांगलंच आहे की."

पंचक्रोशीत ब्रेकमधलं कळणारा एकच माणूस, तो म्हणजे तुंडुप. जिवावर आलं, पण चालत खालच्या गावात गेलो. ते आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. त्यांनी तीन कप चहा घेतला, बाह्या सारल्या, जीपमध्ये बसले आणि पेडल दाबलं. पेडल टुणकन वर आलं. दहा वेळा दाबलं, दहा वेळा वर आलं.

"गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"सकाळी अडकत होतं."

"हं," तुंडुप म्हणाले आणि माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी पुन्हा धावत खालच्या गावात. ते पुन्हा दुपारी आले, आणि त्या पेडलने पुन्हा माझं नाक कापलं. या वेळी तुंडुप हसले नाहीत. त्यांनी मला दगडावर बसवलं आणि माझा गुडघा हातात घेतला.

"लाजू नका, व्याही. माझ्या वडिलांचंही असंच होतं. पाय खाली गेला की वर यायचं विसरायचा."

"पाय नाही हो, पेडल!"

"तेही असंच म्हणायचे. तेव्हा पेडल नव्हतं, ते घोड्याच्या रिकिबीला नावं ठेवायचे."

झालं. तुंडुप घरी पोहोचायच्या आत बातमी गावभर. संध्याकाळपर्यंत शेजारणी जर्दाळूचं सूप घेऊन आल्या. कोणीतरी काठी आणली, चांगली कोरीव मुठीची. ती अजून माझ्याकडे आहे. मग लेहहून फोन आला.

"आबा," स्पाल्झेस रडत होती, "तुमचा पाय गेला म्हणे?"

"पाय इथेच आहे, बाळा."

"मग तुम्ही घरीच थांबा. यांचे बाबा येतील आम्हाला न्यायला. तुम्ही पडून राहा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नातवंडं तर हातची चाललीच होती, वर हिच्या मनात मी अंथरुणालाही खिळलो होतो.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी मेमे गुरमेत दारात उभे. आमच्या खोऱ्याचे वैद्य, वय ऐंशीच्या पुढे, म्हणून सगळ्यांचेच मेमे, आजोबा, खांद्याला औषधांची पिशवी. तुंडुपनीच धाडलेले. त्यांनी माझं मनगट धरलं, डोळे मिटले आणि इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं झोपले.

"केव्हा अडकतो?"

"सकाळी. पण मेमे, मी नाही, जीप."

"दुपारी?"

"सुटते."

"उन्हं आली की बरं?"

"हो, पण जीपला."

"थंडीचा विकार," मेमे म्हणाले. "गुडघ्याला डाग द्यावा लागेल. सूनबाई, चूल फुलव."

यांग्डोलने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट दोन शेण्या जास्त घातल्या. मेमेंनी पिशवीतून लोखंडी सळई काढून निखाऱ्यात खुपसली. तिचं टोक लाल व्हायला लागलं तसा मी उठलो आणि पायात मोज्यांशिवाय काही नसताना बाहेर पळालो. पाय गेलेल्या माणसाच्या मानाने बराच वेगात.

जीपमध्ये चढलो, पेडल दाबलं. अडकलं. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"या, मेमे, या!" मी ओरडलो. "हा माझा पाय, वर. हे पेडल, खाली. आता सांगा रोगी कोण."

मेमे हातात तापलेली सळई घेऊन सावकाश आले. माझ्या पायाकडे पाहिलं, पेडलकडे पाहिलं. मग डोकं आत घातलं आणि श्वास ओढून वास घेतला. दोनदा.

"लोणी," ते म्हणाले. "जुनं आहे. असं लोणी मी वाताच्या दुखण्याला देतो. शोधून मिळत नाही. तू कुठून आणलंस?"

त्यांनी सळई आत घातली आणि पेडल वर जिथे खिट्टीला लटकतं, तिथे तिचं तापलेलं टोक टेकवलं. चर्र झालं. पिवळा, धुळीने काळवंडलेला ओघळ पेडलच्या दांड्यावरून खाली आला, त्यात उंदराचे केसही होते. आणि टक् असा आवाज करून पेडल आपण होऊन वर आलं.

"डाग देताना न ओरडलेला हा माझा पहिला रोगी," मेमे म्हणाले.

मी हळूच यांग्डोलकडे वळलो. ती समोरचा डोंगर बघत होती. त्या डोंगरात बघण्यासारखं काही नाही.

"लोसारला मी लावते," ती म्हणाली. "नव्या वर्षी खांबाला लोणी लावायचं, चुलीला लावायचं, गाईच्या शिंगांना लावायचं. मग जीपनेच काय घोडं मारलंय?"

"पण ब्रेकला?"

"मग कशाला लावू? तुम्ही चालवायला बसलात की मला दुसरा आधार कसला?" आता ती माझ्याकडे बघत होती. "देवाचं लोणी पायाखाली येऊ नये म्हणून वर लावलं, आत. दर वर्षी चिमूटभर लावते. यंदा पोरीला दिवस होते, येणार ती याच जीपमधून, म्हणून मूठभर."

मी डिझेलच्या फडक्याने सगळं खरवडून काढलं. वाडगाभर निघालं. तुंडुपना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "वीस वर्षांत हा दोष मला कोणी शिकवला नाही."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघालो. यांग्डोलने माझ्या कपाळाला लोण्याचं बोट लावलं, जीपला हात लावून काहीतरी पुटपुटली. ब्रेक काय लागत होते! लेहला चुलतभावाकडे, इस्पितळाच्याच गल्लीत, मुक्काम केला. रात्री पाणी गोठलं. सकाळी साडेनऊला मी इस्पितळाच्या फाटकात होतो. फाटकापासून पायरी तीस पावलं. तुंडुपचा पत्ता नव्हता. फाटकातून एक म्हातारी आडवी आली, मी ब्रेक दाबला.

पेडल बसलं.

मी खाली वाकलो. वास आला. या वेळी ताजा. वर, आत, खिट्टीवर शेजारी शेजारी दोन गोळे, प्रत्येकी अक्रोडाएवढे, दगडासारखे गोठलेले. फाटकावर भिंतीची सावली होती. उन्हं यायला दोन तास.

मी सीटवर पोट टेकून डोकं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी ओढायला लागलो. पाय दाराबाहेर हवेत. तेवढ्यात शेजारून काहीतरी पांढरं सुळकन पुढे गेलं. दहा वाजले असावेत, कारण पायरीवरून ओळखीचा आवाज आला.

"आबांचा पाय!"

"घाबरू नकोस, पोरी," तुंडुपचा आवाज, फार प्रेमळ. "सवय आहे त्यांना. तू बस आत, गरम आहे."

नातवंडं व्याह्यांच्या गाडीतून गावात आली. मी दुपारी, उन्हं आल्यावर, पाळणा, दोन गाठोडी आणि बादलीभर ओली दुपटी घेऊन मागून आलो. यांग्डोल दारात उभी होती, दोन्ही हातांवर एकेक.

"दोन गोळे?" मी विचारलं.

"जुळं आहे," ती म्हणाली. "एकाच्या नावाने लावायचं आणि दुसऱ्याच्या नाही, असं कसं चालेल? थांबली ना गाडी?"

"थांबली," मी म्हणालो.

त्यानंतर ती लोसारला लावायची आणि बर्फ वितळला की मी खरवडायचो. त्यावर आमचा कधी वाद झाला नाही. आता लोणी मी लावतो, दोन गोळे, त्याच जागी. वसंतात खरवडत मात्र नाही. काठी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसतो, उन्हं येईपर्यंत. तुंडुप शेजारी येऊन बसतात. यांग्डोल जुळं चार वर्षांचं असताना गेली, लोसारच्या आधी नऊ दिवस.