जगतापकाकांचा कर्नाळा

माणसांबद्दल लिहायला लेखक लागतो. मी नेरूळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, म्हणून घरच्यांना वाटतं, मला काहीही लिहिता येतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण करंजाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या जगतापकाकांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं.

काका इतिहास सांगतात तो 'आम्ही' लावून. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दाखवत म्हणतात, "मोघल वर, आम्ही खाली. मातीचे आडोसे रचत रचत पुढं सरकलो. घेतलाच गड!"

"हे तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होते," काकू कपडे वाळत घालता घालता सांगतात.

काका ऐकतात थोडेच! "खाली पनवेल बंदर. गलबतातला माल घाटाकडं निघाला की गडावरून दिसायचा. आमची नजर चुकवून मिठाचं एक पोतं जाईल? टाप नव्हती कुणाची!"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला तरी काका गडाच्या तटबंदीवर येतात. लोक हसतात. मला मात्र आपल्या खिडकीतून तो सुळका दिसतो याचा अभिमान वाटायला लागला, तो त्यांच्यामुळेच.

दर दसऱ्याला काका भल्या सकाळी एकटेच गडावर जायचे आणि दरवाजाला झेंडूचं तोरण बांधून लगेच उतरायचे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना जेवण जाईना.

"दरवाजा बोडका राहणार. माझ्याशिवाय तिथं आहे कोण?"

"मी आहे की," काकू म्हणाल्या आणि नऊवारीखाली नातवाचे बूट चढवले. सोबतीला मी.

बसत-उठत पोचायला दुपार झाली. दरवाजापाशी पायथ्याच्या गावातली माणसं बसली होती. आमच्या हातातलं तोरण बघून एक आजोबा उठले. "दर दसऱ्याला सकालचं तोरन तुमचं व्हय? मंग लांबून चढताना दिसायचा तो बाबा कुठं हाय? बरा हाय ना?"

वर मोबाइलला रेंज नव्हती. घरी आलो तेव्हा काका खिडकीशी पाय लांब करून बसले होते.

"बांधलं?"

"बांधलं. पण काका, गावातली माणसंही दर दसऱ्याला दुपारी तोरण बांधतात. तुमच्या तोरणाच्या खाली."

काकांनी खिडकीतून सुळक्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि आज?"

"आजही खालीच बांधलं. वरची जागा मोकळी ठेवून तुमची वाट बघत बसले होते."