मला टेन्शन येत नाही!

मला टेन्शन येत नाही! इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या एकूण एक मराठी घरात हे मी न विचारता सांगितलेलं आहे.

२००८चा ऑक्टोबर. कंपनीतून माणसं काढणार अशी कुजबुज होती. माझं वर्क परमिट त्याच नोकरीवर आणि आमच्या लेकीची, वरदाची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, तोंडावर! नेमकी तेव्हाच एचआरची हेलन प्रत्येकाच्या टेबलावर फॉर्म ठेवून गेली. ‘तुमचा ताण समजून घेऊ या.’ झोप लागते का? छातीत धडधडतं का?

“खरं लिहा,” माझी बायको सुचेता म्हणाली. “अहो, झोपेत दात खाता तुम्ही! बीपीची गोळी चालू आहे!”

“साहेबाच्या कागदावर दुखणं लिहायचं नसतं! रडणाऱ्याला आधी काढतात.”

मी सगळीकडे ‘कधीच नाही’वर टिक केली. शेजारच्या ग्रॅहमने मात्र दोन जादा कागद जोडले. त्यात त्याच्या मांजरीचं आजारपणसुद्धा होतं!

आठवड्याने हेलन धावत आली. “कमल, यू आर अमेझिंग! सीक्रेट काय?”

कमलाकरचा कमल झालेला मी काय सांगणार? “योगा,” म्हणालो. वास्तविक बुटाची नाडी बांधायला वाकलो तर उठताना सुचेताला हाक मारावी लागते!

झालं! दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी पंधरा गोऱ्यांना श्वास शिकवू लागलो. नाकपुड्यांचा क्रम दर वेळी बदलायचा. कोणी विचारलंच तर “धिस इज ॲडव्हान्स्ड!” राहिलेलं काम घरी न्यायचो. एका गोळीच्या दोन झाल्या. कंपनीने माझा हसरा फोटो टाकून पत्रकही छापलं.

डिसेंबरात हेलनने मीटिंग रूममध्ये बोलावलं. मला वाटलं, प्रमोशन!

“कमल, तुझ्या टीममधून एकालाच काढायचं होतं. ग्रॅहमला हे झेपलं नसतं. बट यू... यू विल कोप!”

“हेलन, मला देश सोडावा लागेल!”

“बघ, किती शांतपणे बोलतोयस!”

संतापाने माझा श्वासच अडकला. मी तोंड उघडून जोरात हवा ओढली.

“दॅट्स इट,” हेलन कौतुकाने म्हणाली, “ब्रीद.”

घरी सुचेताने हेलनने दिलेलं पाकीट उघडलं. नोकरी संपल्याचं पत्र वाचून ती खुर्चीत बसली. पत्रासोबत पत्रक होतं, ‘कठीण काळात शांत कसे राहाल?’ वर माझा हसरा फोटो, खाली मदतीसाठी नंबर.

“ह्या माणसाला फोन लावू का?” तिने विचारलं.

नंबर ऑफिसातल्या माझ्याच टेबलाचा होता.