शेवाळाची प्राथमिक ओळख, तीन क्रेडिट

मिनेसोटातल्या एका सरकारी विद्यापीठाचं असं ठाम मत होतं की, स्वतःच्या विषयाखेरीज जगात आणखी काय काय आहे याची थोडी थोडी चव घेतल्याशिवाय कुणालाही पदवी देणं समाजाला धोक्याचं आहे. म्हणून तिथे 'सर्वसाधारण शिक्षण' सक्तीचं होतं. त्याचे सहा कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एकेक प्राथमिक कोर्स पडला, की विद्यार्थ्याच्या मनाचा विस्तार झाला असं विद्यापीठाचा संगणक मान्य करी.

टोबिन एंगस्ट्रॉम अकाउंटिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याच्या मनाचा बहुतेक विस्तार उरकलेला होता. 'जागतिक भान' त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत, तळ्यावर मासे धरता धरता फोनवरून पूर्ण केलं. 'कलास्वादा'त अंधार करून जुने सिनेमे दाखवत, त्यामुळे झोप चांगली लागे. 'नैतिक विचार' हा कोर्स तो खोलीमित्र कोल्बीच्या उत्तरांवर पास झाला. कोल्बीने ती उत्तरं आदल्या वर्षीच्या कुणाची तरी उतरवली होती. आता 'निसर्गविज्ञान' हा एकच कप्पा रिकामा होता. तो मे महिन्यापर्यंत भरला, तर डुलुथ शहरातल्या विमा कंपनीतली नोकरी त्याची वाट पाहत होती. न भरल्यास तीच नोकरी दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहणार होती. तसं कंपनीने अत्यंत सभ्य भाषेत कळवलं होतं.

"दगड घे," कोल्बी म्हणाला. "अख्खी फुटबॉल टीम दगडांत असते. परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं. आणि दगड कुठे बदलतोय लेका, मागच्या वर्षीचीच उत्तरं चालतात."

पण दगडांचा वर्ग भरला होता. ताऱ्यांचा भरला होता. हवामानाला लांबलचक वेटिंग होतं. उरली होती 'शेवाळाची प्राथमिक ओळख', सकाळी आठला, आणि तिथे जागाच जागा.

"जानेवारीत सकाळी आठला?" कोल्बीला खरंच वाईट वाटलं. "शेवाळासाठी? माझ्या आजीच्या छपरावर आहे की. ती तर काढून टाकायला माणूस बोलावते."

पहिले काही आठवडे सगळं रीतसर चाललं. टोबिन यायचा, बसायचा, फोन बघायचा, जायचा. मग एके सकाळी शिकवणाऱ्या डॉ. ओस्ट्रँडरबाईंनी कपाटातून एक जुनं पाकीट काढलं. त्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी शेवाळ होतं. बाईंनी त्यावर थेंबभर पाणी सोडलं. वर्गाने मान वर केली नाही. टोबिनचा फोन चार्ज नव्हता, म्हणून त्याने भिंगाला डोळा लावला. चोथ्याची पानं एकेक करून उलगडत हिरवी होत होती. तास संपला, वर्ग गेला, टोबिन तिथेच.

"मॅडम, हे इतकी वर्षं मेलेलं होतं की नुसतं थांबलेलं?"

"हे परीक्षेला नाही," बाई म्हणाल्या.

"माहितीय."

"मग कशाला विचारतोयस?"

"काय माहीत. उगीच."

बाईंची सगळी नोकरी शेवाळात गेली होती. एवढ्या काळात त्यांना दोनच प्रश्न विचारले गेले होते: हे परीक्षेला येणार का, आणि आज लवकर सोडणार का. त्या खुर्चीत बसल्या आणि बोलत राहिल्या. पुढचा तास त्या विसरल्या. तो तास अर्थात कुणाला आठवला नाही.

आनंदाच्या भरात बाईंनी त्या पोराबद्दल विद्यापीठाला दोन चांगले शब्द कळवायचं ठरवलं. प्राध्यापकाने विद्यार्थ्याबद्दल काही कळवायची संगणकात एकच सोय होती, तिचं नाव 'चिंताजनक वर्तन'. बाईंनी तिथे लिहिलं: 'विद्यार्थी सातत्याने कुतूहल दाखवतो.'

लगेच शैक्षणिक सल्लागार मिसेस प्रुइट यांचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर गोळ्यांची वाटी होती आणि रडणाऱ्यांसाठी कागदी रुमाल.

"बस बाळा. घरी सगळं ठीक ना?"

"हो."

"जेवण जातंय? मित्र आहेत? इथे संगणकात आलंय, तास संपल्यावरही तू थांबतोस."

"शेवाळ बघायला."

मिसेस प्रुइटनी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला. "कधीपासून चाललंय हे?"

टोबिनने सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने ऐकलं आणि मग नियम समजावला. "सर्वसाधारण शिक्षण म्हणजे आपल्या आवडीबाहेरच्या विषयाची ओळख. बरोबर? तुला हा विषय आवडला. म्हणजे तो तुझ्या आवडीच्या आत आला. आतला विषय मी बाहेरच्या कप्प्यात कसा टाकू?"

"पण घेतला तेव्हा आवडत नव्हता हो."

"तसाच राहिला असतास तर काही प्रश्न नव्हता रे."

"मग आता?"

"शेवाळ हाच मुख्य विषय घे, आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू कर. नाहीतर मनाचा विस्तार तपासणाऱ्या विस्तार मंडळापुढे जाऊन आवड नसल्याचं सिद्ध कर." त्यांनी आवाज खाली आणला. "मंडळात कुणालाच कशाची आवड नाही. समजून घेतात."

तयारी कोल्बीने करून घेतली. "मागच्या बाकावर बसायचं. टोपी डोळ्यांवर. आणि तोंड उघडायचंच झालं, तर काय विचारायचं ते माहितीय ना?"

टोबिनने दुसऱ्याच दिवशी टोपीखालून विचारलं, "हे परीक्षेला येणार का?"

ओस्ट्रँडरबाईंनी खडू उचलला. "नाही," म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.

मंडळाची बैठक एप्रिलमध्ये झाली. अध्यक्ष डीन व्हँडरमीर होते, आणि त्यांच्यासमोर सुरक्षा कॅमेऱ्याने टिपलेला एक फोटो. बर्फ वितळत असताना ग्रंथालयाच्या उत्तरेच्या भिंतीशी एक तरुण गुडघ्यांवर बसला होता, नाक भिंतीला, हातात भिंग.

"हे काय चाललंय?"

"किल्ली पडली होती सर."

"भिंगाने शोधत होतास?"

"लहान होती किल्ली."

मंडळाचं समाधान होण्यासारखं उत्तर होतं, पण नियमाप्रमाणे साक्ष हवी होती. ओस्ट्रँडरबाईंना उभं केलं.

"डॉक्टर, चिंताजनक वर्तन तुम्हीच कळवलंत. या मुलाला तुमच्या विषयात रस आहे?"

बाईंनी टोबिनकडे पाहिलं. टोबिनने टोपी हातात घेतली आणि तिच्या शिवणीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत बाईंना मिळालेला तो एकुलता एक विद्यार्थी होता, आणि त्याला डुलुथला जायचं होतं.

"छे," बाई म्हणाल्या. "इतर मुलांसारखाच आहे. काही घेणं नाही त्याला."

"अभिनंदन," डीन म्हणाले. "म्हणजे कोर्सचा हेतू सफल झाला." हे त्यांनी बाईंना उद्देशून म्हटलं, आणि ते अगदी मनापासून होतं.

मे महिन्यात पदवीदान झालं. आजन्म कुतूहल जागं ठेवा, असं प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं, आणि काळे झगे घातलेल्या हजारभर पोरांनी ते फोन खाली न ठेवता ऐकलं. टोबिन जूनपासून डुलुथला रुजू आहे. ओस्ट्रँडरबाईंचा वर्ग चालू आहे. तिथे अजूनही भरपूर जागा आहे.

पोराची नोकरी वाचली म्हणून इथे ज्या वाचकांना हायसं वाटलं, त्यांनी मंडळाकडे वेगळा अर्ज करू नये. त्यांचं सर्वसाधारण शिक्षण पूर्ण झाल्याचं परस्पर मान्य करण्यात आलं आहे.