कुत्र्याचा चष्मा

"आपल्या हाताखालून गेलेलं चित्र खुद्द रंगवणाऱ्यालाही नवं वाटतं!" बोळेबुवा छाती फुगवून सांगत. संग्रहालयात कापसाच्या बोळ्यांनी जुनी चित्रं पुसायची ही त्यांची नोकरी, म्हणून बायकोनंच त्यांना हे नाव ठेवलेलं.

या खेपेला चित्र होतं दीडशे वर्षांपूर्वीचं. जनावरांचं कोर्ट! कोल्हा वकील, बोकड आरोपी आणि खुर्चीत न्यायाधीश म्हणून जाडजूड कुत्रा, नाकावर सोनेरी चष्मा.

"उद्या अनावरण आहे," संचालक मॅडमनी दम भरला. "मागच्या चित्रातले ढग पुसून तुम्ही आभाळ निरभ्र केलंत. आता कणभर रंग जरी गेला, तर नोकरी गेली समजा!"

"निश्चिंत राहा मॅडम!"

बोळेबुवांचं खास औषध एकच होतं, थुंकी. बोळा तोंडात धरायचा, ओला करायचा, हलक्या हातानं फिरवायचा. सगळे जुने कारागीर हेच करतात. फिरवला बोळा आणि कुत्र्याचा चष्मा गायब! घाबरून आणखी पुसलं, तर डोळेही गेले!

डबा घेऊन आलेली बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, एवढं मोलाचं चित्र उष्टं केलंत?"

"उष्ट्याचं काय घेऊन बसलीस? नोकरी चालली माझी!"

तिनं वाकून पाहिलं. "गेलंय कुठं काय? हा बघा, झोपलाय मेला!"

खरंच की! पुसलेल्या रंगाखाली मिटलेले डोळे होते, आणि जुन्या रंगाच्या भेगा त्यांच्यावरून सलग गेलेल्या, म्हणजे हेच डोळे अस्सल. मूळ चित्रातला न्यायाधीश भर कोर्टात घोरत होता! पुढे कुणा मालकाला ते झोंबलं असणार, त्यानं वरून उघडे डोळे आणि चष्मा रंगवून घेतला.

बातमी कळताच धावत आलेल्या मॅडम आनंदानं ओरडल्याच, "शोध लावलात हो तुम्ही!" आणि लगेच मटकन खाली बसल्या. "पण उद्याचे पाहुणे निवृत्त न्यायाधीश आहेत!"

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. मॅडमचं भाषण लांबतच गेलं. शेवटी पडदा सरकला आणि सगळ्यांनी श्वास रोखून न्यायाधीशसाहेबांकडे पाहिलं. साहेब गाढ झोपले होते! हनुवटी छातीवर, ओठ लोंबते, हुबेहूब चित्रातल्यासारखे!

असा हशा पिकला, अशा टाळ्या पडल्या की साहेब दचकून जागे झाले. चित्राकडे टक लावून पाहिलं आणि स्वतःच खदखदून हसले. "अरे, हा तर मीच! कुणी शोधून काढलं मला?"

बोळेबुवांना पुढे ढकललं गेलं. कौतुकानं त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. नोकरी पक्की झाली, वर बढतीही!

"औषध कुठलं वापरलंत?" साहेबांनी विचारलं.

"घ... घरगुती आहे, साहेब."

"वा! बाटलीभर पाठवून द्या. घरी वडिलांचं चित्र पार काळवंडलंय."

त्या संध्याकाळी बायकोनं रिकामी बाटली आणि चिरलेलं लिंबू त्यांच्यापुढे ठेवलं.

"हं, बसा आता भरत!"