टिंब टिंब टिंब यांचे आभार

एका जंगलात, मुलांनो, सिंहच नव्हता. सिंहाची जागा मंजूर होती, पण त्या जंगलात बदलीवर यायला एकही सिंह तयार होत नव्हता. पाणी लांब, शिकार हाडकुळी, आणि पिल्लांच्या शाळेची सोय नाही. म्हणून कायम सिंह मिळेपर्यंत राज्याचा कारभार एका वाघाकडे दिला होता. त्याला सगळे प्रभारी महाराज म्हणत. प्रभारी होऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. हसू नका. मोठे व्हाल तेव्हा कळेल.

या प्रभारी महाराजांच्या दरबारात त्र्यंबक नावाचा एक साळिंदर नोकरीला होता. डरकाळीचा अर्थ लावायचा, हे त्याचं काम. खासगीत महाराज चारचौघांसारखं बोलत, पण राज्यकारभार म्हटला की डरकाळीच फोडत. त्यात रुबाब असतो, अर्थ नसतो. मग त्र्यंबक आपल्या पाठीवरचा एक काटा उपटी, जांभळाच्या रसात बुडवी आणि पळसाच्या पानावर लिही : 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आजपासून हरणांनी पाणवठ्यावर डाव्या बाजूने यावे.' खाली महाराजांचा पंजा उमटे. पान वडाला टांगलं जाई. प्रजा ते वाचून म्हणे, "काय डोकं आहे महाराजांचं!"

अकरा वर्षांत महाराजांनी त्र्यंबककडे मान वर करून पाहिलं नव्हतं. पान पुढे आलं की पंजा उमटवायचा, इतकंच. बोलवायचं झालं तर ते विचारत, "अरे, तो हा कुठे गेला?" की हेडक्लार्क कावळे ओरडत, "ए, चल, तुला बोलावलंय!" त्र्यंबकला बसायला एक दगड दिला होता. तो पावसाळ्यात ओला असे आणि उन्हाळ्यात तापे. काटे उपटून उपटून त्याच्या पाठीला मधोमध टक्कल पडलं होतं.

तरी तो टिकून होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदा, निदान एकदा, महाराजांनी चारचौघांत आपलं नाव घ्यावं. बस्स.

तशी संधी आली. महाराजांच्या प्रभारीपणाला अकरा वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला. भाषण अर्थातच त्र्यंबकने लिहायचं होतं. तीन दिवस बसून त्याने ते लिहिलं. गव्यांचे आभार मानले. रानडुकरांचे मानले. तरसाने काहीच केलं नव्हतं, पण तो रागावला असता म्हणून त्याचेही मानले. शेवटी राहिला तो स्वतः. आता आपलं नाव आपल्याच हाताने कसं लिहायचं? त्र्यंबक लाजला. त्याने लिहिलं, 'आणि ज्यांच्यावाचून या दरबाराचं पान हलत नाही, ते', आणि पुढे नावाच्या जागी तीन टिंबं दिली. तिथवर आल्यावर महाराजांना नाव आपोआप आठवेल, असं त्याला वाटलं.

मेळाव्याला तो पुढच्या रांगेत बसला. बायकोलाही आणलं होतं. तिचं नाव मथुरा. महाराज खड्या आवाजात वाचत वाचत शेवटच्या वाक्याशी आले.

"आणि ज्यांच्यावाचून या दरबाराचं पान हलत नाही, ते टिंब टिंब टिंब, यांचेही मी आभार मानतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक म्हातारं रानडुक्कर शेजारच्याला म्हणालं, "काही म्हणा, टिंबटिंबांनी फार केलं हो दरबारासाठी."

मथुराने नवऱ्याकडे पाहिलं. "चला घरी," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मात्र तिने तोंड सोडलं. "अकरा वर्षं पाठ सोलून घेतलीत! उद्या कोणी अंगावर आलं तर काय उभारणार? टक्कल?"

त्र्यंबकने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. त्यासाठी चांगला लांब काटा काढला. कावळ्यांनी राजीनामा न वाचताच ढिगात टाकला. "ठीक आहे. जाताना दगड पुसून ठेव," ते म्हणाले. शाल नाही, श्रीफळ नाही, निरोपाचे दोन शब्द नाहीत. महाराज डुलकी घेत होते.

त्या जंगलात कोकिळाबाईंची 'तात्पुरता आधार' नावाची संस्था होती. कुठे जागा रिकामी झाली की बाई तिथे थोड्या दिवसांसाठी माणूस लावून देत. या कामात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात लावून देण्याचा त्यांना पिढीजात अनुभव होता. मजुरीत मिळालेले अर्धे कंद काम करणाऱ्याला आणि अर्धे बाईंना, अशी साधी रीत होती.

"काय काय येतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मसुदा लिहिता येतो. डरकाळीचा अर्थ लावता येतो."

"ते राहू द्या. उलटं लटकता येतं का?"

वटवाघळांच्या वडावर पाहुण्यांचं स्वागत करणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. त्र्यंबक तिच्या जागी चार दिवस उलटा लटकला. आल्या-गेल्याला 'वर या' म्हणायचं की 'खाली या', हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. पाचव्या दिवशी फांदी सुटली आणि तो खालून जाणाऱ्या एका सशावर पडला. सशाने रीतसर तक्रार केली.

मग तो मोराकडे गेला. मोराला नाचाच्या वेळी टाळ्या वाजवणारं कोणीतरी हवं होतं. हे काम त्र्यंबकला आवडलं. तो शेपटीचे काटे खुळखुळवायचा, आणि आवाज अगदी टाळ्यांसारखा यायचा. पण पहिल्याच प्रयोगाला त्याने इतक्या मनापासून खुळखुळवलं की लांडोरींना वाटलं, हल्ला झाला. त्या भुर्रकन उडून गेल्या. मोर पिसारा उभारून एकटाच उरला. "कलेचं वाटोळं केलंत," असं म्हणून तो चक्क रडला.

मुंग्यांच्या वारुळात तर त्र्यंबक दारातच दीड दिवस अडकला. तो दीड दिवस कोकिळाबाईंनी त्याच्या माहितीपत्रकात 'प्रवेशद्वार व्यवस्थापनाचा अनुभव' म्हणून नोंदवला.

पण एक सांगायला हवं. एवढी फजिती होऊनही त्र्यंबक मजेत होता. जिथे जाई तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी विचारी, "आपलं नाव काय?" अकरा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. "त्र्यंबक साळिंदर," असं तो सावकाश, एकेक अक्षर चाखत सांगे.

तीन महिन्यांनी बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"दरबारात जागा आहे. डरकाळीचा अर्थ लावायचा. आधीचा कोणीतरी सोडून गेला म्हणे."

"तो मीच."

"असेल. उद्यापासून जाल?"

"मेलो तरी तिथे पाय ठेवणार नाही."

"अहो, कायमचं कुठे जायचंय? एकोणनव्वद दिवस जा. नव्वदाव्या दिवशी घरी बसा. मग पुन्हा एकोणनव्वद."

त्याचं असं आहे, मुलांनो, की सलग नव्वद दिवस भरले की माणूस 'मला कायम करा' म्हणू लागतो. त्याला तसं वाटूच नये, म्हणून त्या जंगलात ही काळजी घेत.

मथुरा म्हणाली, "जाऊन तर या. तुमच्यावाचून त्यांचं काय झालं ते तरी कळेल." त्र्यंबकच्या मनातही तेच होतं. आता तरी त्यांना आपली आठवण झाली असेल, असं त्याला वाटत होतं.

दरबाराची दशा पाहण्यासारखी झाली होती. डरकाळी फुटली की जो तो आपल्याला हवा तो अर्थ लावत होता. एका डरकाळीचा अर्थ हरणांनी 'सर्वांनी जेवायला यावे' असा लावला. ती नटूनथटून आली. जेवण झालंही, पण त्यांना वाटलं होतं तसं नव्हे.

कावळे दारातच उभे होते. "या साहेब, या! संस्थेकडून ना? बरं झालं, बाहेरचा तज्ज्ञ मिळाला." असं म्हणून त्यांनी दगडावर स्वतःच्या चोचीने गवताची गादी घातली. त्र्यंबक त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. अकरा वर्षं हे गृहस्थ त्याच्या शेजारी बसत होते. त्यांना शंकासुद्धा आली नाही. कोकिळेने आपल्या घरट्यात काय आणून ठेवलंय, हे कावळ्यांना आजवर कधी कळलंय म्हणा!

"आधीचे गृहस्थ कसे होते?" त्र्यंबकने हळूच विचारलं.

"आधीचा ना? अगदी टुकार. एक पान धड ठेवलं नाही."

तेवढ्यात महाराजांनी डरकाळी फोडली. त्र्यंबकने ढिगातून स्वतःचंच एक जुनं पान काढलं, तारीख बदलली आणि पुढे केलं. महाराजांनी ते वाचलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली.

"वा! याला म्हणतात मसुदा. नाहीतर तो आधीचा! कोण रे तो?"

"होता कोणीतरी, महाराज," कावळे म्हणाले.

त्र्यंबकला आनंद झाला आणि रडूही आलं. शाबासकी मिळाली, पण तीही आपल्यालाच नावं ठेवून मिळाली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण गादी फार मऊ होती. त्याने तोंड मिटलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी निरोप समारंभ ठरला. भाषण त्र्यंबकनेच लिहायचं होतं. या वेळी तो लाजला नाही. त्याने ठळक अक्षरांत 'त्र्यंबक साळिंदर' असं लिहिलं. कावळ्यांनी पान तपासलं आणि मान हलवली.

"साहेब, तेवढं नाव काढा. तात्पुरत्या माणसाचं नाव दरबारी पानावर आलं की तो पुढे हक्क सांगतो."

"मग काय लिहू?"

"जुन्या भाषणात एक छान नमुना आहे बघा. तीन टिंबं आहेत."

समारंभ थाटात झाला. त्र्यंबकच्या खांद्यावर केळीच्या पानाची शाल पांघरली. हातात नारळ दिला. महाराजांनी वाचलं, "टिंब टिंब टिंब, यांच्या जाण्याने दरबारात निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही." त्यांनी थेट त्र्यंबककडे पाहून डोळे पुसले. मग त्र्यंबकनेही पुसले.

नव्वदाव्या दिवशी तो घरी बसला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोकळी भरायला हजर झाला. कावळ्यांनी 'नवे तज्ज्ञ' म्हणून त्याला फुलांचा गुच्छ दिला.

हे असं वर्षभर चाललं. चार वेळा स्वागत, चार वेळा निरोप. पाठीचं टक्कल मात्र वाढत होतं. मथुरा म्हणाली, "आता नारळ पुरे. चटणी खाऊन खाऊन जीव विटला. त्यांनी तुमचं नाव घेतलं का, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकने धीर केला. महाराज एकटे असताना तो गुहेत गेला.

"महाराज, मला कायम करा."

महाराजांचा चेहरा पडला. "अरे, मीच इथे प्रभारी. मी तुला काय कायम करणार? आणि कायम झालेल्याकडे बघतो कोण? माझ्याकडे तरी सगळे का बघतात? उद्या मी असेन की नाही, म्हणून."

"मग निदान माझं नाव तरी घेत जा."

"म्हणजे काय? चार वेळा भाषणात घेतलंय!" महाराज उठले. त्यांनी त्र्यंबकच्या टकलावर मायेने पंजा ठेवला. "तुझं नाव मी विसरेन का रे, टिंबटिंब?"

त्र्यंबकच्या अंगावरचे उरलेसुरले काटे ताठ उभे राहिले. क्षणभर खुळखुळले. मग हळूहळू खाली बसले.

"हजर, महाराज," तो म्हणाला.

पुढच्या निरोपाच्या दिवशी संध्याकाळी तो नारळ घेऊन घरी निघाला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, त्र्यंबकराव!" तो ससा होता, वडाखालचा. साऱ्या जंगलात त्याला एकट्याला ते नाव पाठ होतं, कारण तक्रारीत लिहावं लागलं होतं. "अहो त्र्यंबकराव, थांबा की! कंबर बरी आहे माझी, राग नाही काही!"

त्र्यंबकने वळून पाहिलं नाही. कोणीतरी दुसऱ्याच कोणाला हाक मारतंय असं त्याला वाटलं, आणि तो नारळ सांभाळत चालत राहिला.

तात्पर्य : आपली किंमत कळावी म्हणून नोकरी जरूर सोडावी, आणि कळली की तिथेच तात्पुरतं रुजू व्हावं. गादी मिळते, गुच्छ मिळतो, नारळ तर चुकत नाही. नाव तेवढं जाताना कोणाजवळ तरी ठेवून जावं. शक्यतो तुम्ही ज्याच्यावर पडला असाल त्याच्याजवळ.