भालेरावांचा कच्चा माल

भालेरावांकडे चहा मिळण्याआधी मतदान करावं लागतं.

वलवणला ते आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं कारखान्यात माल तपासायचे. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि तपासणी तशीच पुढे चालू राहिली. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या 'रॉ' फाइलला ते कच्चा माल म्हणतात. तो पक्का करून त्याला धार लावणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे दोन वर्षं ठरत नाहीये. चार सॉफ्टवेअरं फुकटच्या मुदतीवर उतरवलेली. एकाच फोटोचे चार प्रिंट आणि पाचवा तुलनेपुरता, काहीच न केलेला, असे टेबलावर मांडतात, हातात भिंग देतात. "बोला, पास कोण?"

मी एकदा म्हणालो, "सगळे सारखेच दिसतात."

"तुम्ही शाळेत पेपर तपासायचात ना? अवघड होतं पोरांचं!"

गेल्या महिन्यात वडिवळ्याच्या ठकूमावशी तांदूळ द्यायला आल्या. मीही तिथेच होतो. टेबलावर नेमका त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. आदल्या वर्षी भालेरावांनी बांधावर काढलेला.

"या मावशी. आबांचाच आहे. पास कोण?"

मावशींनी भिंग घेतलं नाही. हात पदराला पुसले. चार फोटोंत आबांच्या कपाळावरची एकेक आठी कोरून काढल्यासारखी दिसत होती.

"ह्यात लय रागावल्यात. ते कुनावर रागवायचं न्हाईत." मग त्यांनी पाचवा उचलला. "ह्यो. हे आमचं आबा." तो हातातच धरून म्हणाल्या, "दिवाळीनंतर गेलं, सायेब. घरात त्यांचा एक बी फोटो न्हाई."

भालेरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी उठून चहा टाकला आणि त्यात साखर दोनदा घातली.

पुढच्या रविवारी पाचवा फोटो मोठा करून, फ्रेम घालून ते वडिवळ्याला गेले. सकाळी गेलेले, ऊन उतरल्यावर परतले. मी अंगणात होतो.

"बराच वेळ लागला?"

"मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वालाची आमटी, भात. नको नको म्हणताना तीनदा वाढलं." ते दाराचं कुलूप काढत होते. "आमची ही गेल्यापासून कुणी वाढलेलं जेवलोच नव्हतो."

दार उघडून ते उंबऱ्यातच थांबले.

"पुढच्या रविवारीही बोलावलंय. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. काय न्यावं हो?"