वालसेका गावाने आपल्या देवाचा दिवस हलविला त्याची हकीकत

ज्याने मुक्यास वाचा दिली तो साधू ब्लास या लिहिणाराचे हातास बळ देवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, पश्चिम समुद्राकाठी एक थोर राज्य आहे, त्याचे डोंगरमुलखी वालसेका म्हणोन गाव, तेथे जे वर्तमान जाहाले ते घडले तैसे लिहितो. गोड करोन लिहिण्याची आमची प्रकृती नाही. ज्यांस गोड पाहिजे त्यांनी अन्यत्र वाचावे.

त्या राज्यी लोक उत्सवाचे मोठे भुकेले. एके शहरी रस्त्यात बैल सोडितात आणि त्यांपुढे पळतात, एके गावी एकमेकांस टोमॅटोंनी न्हाणितात, एके शहरी वर्षभर खपोन पुतळे उभारितात आणि एके रात्री सर्व जाळोन टाकितात, आणि एके सुभ्यात माणसांवर माणसे चढोन मनोरे करितात आणि अगदी वर लहान मूल चढवितात, ते पाहोन पाहुण्या बाया डोळे मिटोन घेतात. मग दरबाराने विचार केला की ऐसेच चालल्यास कामास मनुष्य मिळणार नाही, म्हणोन सुट्यांची वाटणी करोन दिली. काही दिवस अवघ्या राज्याचे, काही सुभ्याचे, आणि दोन दिवस ज्या त्या गावाचे, ते गावाने आपल्या देवाप्रमाणे नेमावे. वाटणी न्यायाची जाहाली, परंतु तीत एक खोच राहिली, ती अशी की जो मनुष्य गाव सोडोन शहरी चाकरीस गेला त्यास शहराचे देवाची सुटी मिळाली, आणि आपल्या देवाचे दिवशी तो चाकरीवर. हे कोणाचे ध्यानी आले नाही, कारण वाटणी करणारे सर्व शहरीच राहात होते.

वालसेकाचा देव साधू ब्लास, घशाचे दुखण्याचा कैवारी. माघातील बर्फात त्याचा दिवस येई. त्या दिवशी गळ्यास रंगीत फीत बांधावी आणि साधूची लाकडी मूर्ती पालखीत घालोन गावभर फिरवावी, आणि पालखी दारोदारी थांबे, आणि पुढचा खांदेकरी उंबऱ्यावर काठी वाजवोन पुसे, "घरात कोण?" मग घरच्याने आतून मोठ्याने म्हणावे, "आहोत." घसा देवाने दिला, तो त्यास ऐकवावा, हा भाव. घर बंद असल्यास शेजाऱ्याने म्हणावे, "येतील." आणि कोण्ही "कोणी नाही" ऐसे म्हटल्यास पालखी त्या दारी पुन्हा कधी थांबावयाची नाही, ते घर देवाचे फेरीतून गेले. हा शब्द कोण्ही उच्चारीत नसे. छप्पर बसले आणि आत अंजिराचे झाड वाढले तरी शेजारी "येतील" म्हणत.

मग पाणी आटले, शाळा मोडली, आणि तरुण माणसे राजधानीस गेली ती गेली. वरचे आळीत सबिनाबाई म्हणोन विधवा, तिचा एकटीचा धूर राहिला, म्हणोन आळीतील सर्व बंद घरांची शेजारीण तीच. पालखीपुढे बाई काठी टेकीत दारोदारी धावत आणि "येतील, येतील" म्हणत, आणि मग धापा टाकीत आपल्या घरात शिरत आणि आतून "आहोत" म्हणत. बायका हसत, बाईही हसत. पुढे हसणाऱ्या बायकाही गावातून गेल्या. बाईंस एकच पुत्र, लेआंद्रो, राजधानीस रंगाचे कारखान्यात चाकरीस. दर माघी तो फोन करी आणि म्हणे, "आई, तुझ्या ब्लासाची सुटी इथे नाही गं, मालक सोडत नाही." बाईंचे मनी येवढेच होते की आपण डोळे मिटण्यापूर्वी एकवार लेआंद्रोने त्या घरातून "आहोत" म्हणावे, म्हणजे आपल्यामागे पालखी त्या दारी थांबेल. दुसरे काही त्यांनी आयुष्यात मागितले नाही, हे आम्ही जाणतो.

मग बाई रामिरोजींकडे गेल्या. रामिरोजी गावचे मुख्य आणि पालखीचे पुढचे खांदेकरी. बाई बोलिल्या, "रामिरो, देवाचा दिवस वैशाखात घ्या. राजधानीच्या देवाचा जो दिवस, तोच आपला ठेवा. त्या दिवशी पोरांना सुटी असते. मग बघू कशी येत नाहीत." रामिरोजी बोलिले, "सबिना, ब्लास थंडीचा देव. वैशाखात कुणाचा घसा दुखतो?" बाई बोलिल्या, "माझा दुखतो. सगळ्या आळीचं मीच ओरडते ना." रामिरोजींच्या दोघी लेकी राजधानीसच होत्या, त्यांनी त्याच सांजेस गावचे म्हाताऱ्यांस बोलावणे धाडिले. मग म्हातारे दारूच्या गुत्त्यात मिळाले आणि सर्वांनी रुकार दिला, आणि धर्मगुरूंकडे पुष्कळ गावे, त्यांनीही "देव समजून घेईल" म्हणोन सांगितले. माघात बर्फ पडले, पालखी निघाली नाही. बाईंनी एकटीनेच गळ्यास फीत बांधिली.

वैशाख आला. बाईंनी भिंती पांढऱ्या केल्या, गाद्या उन्हात घातल्या, नातवंडांसाठी ससा शिजविला. लेआंद्रो फोनवर "बघतो, जमेल" म्हणाला होता, त्याचा अर्थ बाईंनी "येतो" ऐसा लाविला. आया ऐसाच लावितात.

आता चूक कोठे जाहाली ती ऐकावी. राजधानीचा देव काही उपाशी देव नव्हे. त्याचे दिवशी तेथे नदीकाठी मेळा, आतषबाजी, बैलांशी झुंज, आणि नातवंडे तेथेच जन्मली, त्यांचा देव तोच. शिवाय सुटी गुरुवारी पडली, आणि त्या राज्यी दोन सुट्यांमधील कामाचा दिवस गिळोन टाकितात त्यास पूल म्हणतात, तैसा पूल बांधोन अर्धे शहर समुद्राकडे गेले. माघात दोन-चार मुले तरी मालकाच्या विनवण्या करोन गावी येत, तीही आली नाहीत, कारण आता सुटी दरवर्षीची जाहाली, मग घाई कशाची. वालसेकाचे रस्त्यास एकही गाडी वळली नाही.

सकाळी लेआंद्रोचा फोन आला. "आई, मुलांनी मेळ्याचा हट्ट धरलाय. शाळेतली सगळी जाताहेत. पुढच्या वर्षी नक्की. आता तुझा आमचा दिवस एकच झाला ना." बाई बोलिल्या, "मुलं खूश आहेत ना?" तो म्हणाला, "आहेत." बाई बोलिल्या, "मग झालं."

पालखीस खांदेकरी निम्मेच मिळाले आणि तेही म्हातारे. ऊन चढले, आणि खालची आळी करोन पालखी वर आली, आणि बाई नित्याप्रमाणे पुढे होत्या, आणि दारोदारी "येतील" म्हणाल्या, आणि दर दारी आवाज बारीक होत गेला. मग त्यांचे घर आले. बाई आत गेल्या नाहीत, बाहेर भिंतीस टेकोन उभ्या राहिल्या. रामिरोजींनी उंबऱ्यावर काठी वाजविली आणि पुसिले, "घरात कोण?" बाई बोलिल्या, "कोणी नाही." रामिरोजी म्हणाले, "सबिना, तू समोर उभी आहेस." बाई बोलिल्या, "मी आळीत उभी आहे. घरात कोणी नाही. चला पुढे, खांदा दुखत असेल तुमचा." रामिरोजींनी काठी पुन्हा वाजविली, आणि पुन्हा पुसिले, आणि तेच उत्तर आले. रीत ती रीत. मग पालखी उचलली, आणि पुढील बंद दारी रामिरोजींनी पुसिले तेव्हा "येतील" म्हणावयास कोण्ही पुढे आले नाही, कारण शेजारीण मागेच राहिली होती. ती सर्व दारे मुकी गेली. आम्हांस ते लिहितानाही बरे वाटत नाही.

सायंकाळी पुन्हा फोन आला. मागे मेळ्याची वाजंत्री वाजत होती. लेआंद्रोने पुसिले, "झाली का पालखी? आपल्या दारी कोण बोललं?" बाई बोलिल्या, "मीच बोलले." तो म्हणाला, "मोठ्याने बोललीस ना?" बाई बोलिल्या, "हो. सगळ्यांना ऐकू गेलं."

तात्पर्य इतकेच की वालसेकाने एक दिवस दिला आणि एक दिवस घेतला, आणि हाती दोन्हींतला एकही राहिला नाही. पुढील वर्षी लेआंद्रो मुलांसह खरेच आला, आणि "आहोत" म्हणावयास सकाळपासोन दार लोटोन आत बसला, आणि पालखी न थांबता दारावरोन निघोन गेली. ही हकीकत येथे संपली.